नववीला सत्तरचं दशक पहिल्या पानावरच्या फोटोंतून कसं शिकवावं?

कळव्याच्या बाई: नमस्कार. ठाण्यात मराठी शाळेत नववीला इतिहास शिकवते. पुस्तकात 1960 नंतरचा भारत आहे. मुलं सनावळ्या घडाघडा म्हणतात, पण तो काळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. जुन्या वर्तमानपत्रांची पहिली पानं वर्गात न्यावीत असं मनात आहे. कुणी केलंय का? सुरुवात कुठून करू?

नौपाड्याचे सर: बाई, जरूर करा. मी निवृत्त होईपर्यंत करत होतो. पण अख्खं दशक घेऊ नका, मे 1974 घ्या. 8 मेला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, वीस दिवस चालला. रेल्वे बंद म्हणजे काय हाल, हे ठाण्याच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. त्यातच 18 मेला सकाळी पोखरणला अणुचाचणी झाली. तेव्हा 18 आणि 19 तारखेची पानं शेजारी-शेजारी ठेवा आणि मुलांच्या हातात पट्टी द्या. संपाला किती कॉलम, चाचणीला किती, घडीच्या वर काय, खाली काय, हे त्यांनाच मोजू दे. संपादकाने त्या रात्री काय ठरवलं असेल, ते मुलं आपणहून बोलायला लागतात.

फोटो कापून नेऊ नका, पूर्ण पान न्या. फोटोखालची ओळ आधी कागदाने झाका. आधी दिसतं ते सांगायचं, मग ओळ वाचायची. एका मुलीने भिंग लावून पाहिलं आणि ओरडलीच, "सर, हे तर नुसते ठिपके आहेत!" मग ब्लॉक, म्हणजे फोटो छापायचा धातूचा ठसा, कसा बनायचा, काळ्याची छटा ठिपक्यांच्या लहानमोठेपणातून कशी येते, यावरच तो तास गेला. जाऊ दिला मी.

आणीबाणीसाठी जॉर्ज फर्नांडिस यांचा बेड्या घातलेला हात उंचावलेला फोटो दाखवा. रेल्वे संपाचे नेते तेच, त्यामुळे धागा जुळतो. 1977 मध्ये मुझफ्फरपूरला तोच फोटो प्रचारात फिरला आणि ते तुरुंगातून निवडून आले. मग मुलांना 1976 च्या वर्तमानपत्रांच्या फाइलीत तो शोधायला लावा. तेव्हा सेन्सॉरशिप होती. पानावर काय आलं नाही, हे शोधणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

घोडबंदरची वाचक: सरांशी सहमत. फक्त 1972 चा दुष्काळ सोडू नका. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायांचे फोटो शोधा. मुलांच्या आज्या त्यावर पुस्तकापेक्षा जास्त सांगतील, विशेषतः मराठवाड्यातून इकडे आलेल्या.

कळव्याच्या बाई: सर, मे 1974 चं पक्कं! फाइली कुठे बघू?

नौपाड्याचे सर: आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, 1893 पासूनची संस्था आहे. कुठल्या वर्षांचे अंक आहेत ते फोनवर विचारून मगच जा. जुना कागद घडीवर तुटतो, म्हणून पान दोन्ही हातांनी उलटा आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. परवानगीचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर न्या.