शब्दचर्चा: 'सोंग' की 'मुखवटा'?

खडूचा तुकडा
एका कलाप्रदर्शनातल्या भिंतीवरच्या फलकांचं इंग्रजीवरून मराठी करतोय. फलकाला साठ शब्द, एकही जास्त चालत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यावरून (चेहरे चढवून देव-दैत्य नाचवायचा रात्रीचा उत्सव) सुचलेली मांडणी आहे: कागदाच्या लगद्याचे सात चेहरे छतापासून टांगलेले, खाली टेंभ्याची काजळी धरलेलं कापड. इंग्रजीत सगळीकडे 'मास्क'. मी 'सोंग' लिहिलं, कारण बोहाड्यात त्याला सोंगच म्हणतात. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. शेरा असा: "सोंग म्हणजे ढोंग. थट्टा केल्यासारखं वाचलं जाईल. मुखवटा करा." 'मास्क'च ठेवावा तर २०२० पासून तो कानाला अडकवायची वस्तू झालाय.

दुसरी अडचण 'रिच्युअल'ची. एकाच फलकात तीनदा आलाय. तीनदा 'विधी' लिहिलं की भटजींच्या सामानाच्या यादीसारखं दिसतं. काय करावं?

तिठा
मुखवटा लिहा आणि मोकळे व्हा. फलक उभ्यानं वाचला जातो. वाचणारा 'सोंग'पाशी अडला की पुढचे पन्नास शब्द वाया. शब्द बरोबर असणं आणि फलकावर चालणं यांत फरक आहे.

पांगारा
तिठा, इतक्यात मोकळं होता येणार नाही. मराठीत या दोन शब्दांची कामं वाटलेली आहेत. मुखवटा देवाचा असतो: गौरीचे मुखवटे, पालखीतला खंडोबाचा मुखवटा. तो मूर्तीवर, कलशावर, उभ्या केलेल्या गौरीवर चढवतात, बसवतात. सोंग माणूस घेतो. मुखवट्यामागे जिवंत माणूस नसला तरी त्याचं काही अडत नाही, सोंगाचं अडतं.

शिवाय बोहाड्यात 'सोंग' हा एक शब्द तीन गोष्टींना पुरतो. चेहऱ्यावर चढवायची वस्तू, ती चढवून नाचणारी भूमिका, आणि रात्रीतली तिची पाळी. 'रावणाचं सोंग निघालं' म्हणजे टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईच्या चालीवर रावण यायला लागला. या वाक्यात 'मुखवटा' घालून बघा. मुखवटा काही निघत नाही.

शुद्धमती
मूळ शब्द 'स्वांग'. स्व + अंग. त्याचा अपभ्रंश कशाला वापरायचा? 'स्वांग' लिहा, प्रतिष्ठाही राहील आणि ढोंगाचा वासही जाईल.

तुणतुणं
स्व + अंग म्हणजे आपलं अंग. सोंगात घेतात ते दुसऱ्याचं. व्युत्पत्ती डोक्यावर उभी राहिली की हो! आणि 'स्वांग' वाचून लोकांना उत्तरेतला खेळ आठवेल, मोखाडा नाही.

ढोंगाच्या वासाबद्दल: एकनाथांच्या भारुडांचे प्रकार सांगताना आपण 'भजनी भारूड', 'सोंगी भारूड' बिनदिक्कत म्हणतो. तिथे सोंगी म्हणजे वेष घेऊन उभं राहून करायचं. उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितातही एकामागून एक सोंगं येतात. तेव्हा कुणाची थट्टा होत नाही, मग जव्हारच्या माणसाचीच का व्हावी? 'काय नाटक लावलंय', 'तमाशा करू नकोस' असं रोज बोलतो, म्हणून नाट्यगृहावरची पाटी काढली नाही कुणी.

तिठा
नाटकाला पाटी आहे, तिकीट आहे, वर्तमानपत्रात जाहिरात आहे. त्या आधारावर शब्द तगला. 'सोंग'ला शहरात तो आधार नाही. उरलं ते 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' एवढंच. तपासणाऱ्यांचा कान चुकीचा नाही.

डोंगरवाट
'गोंधळ' बघा. शहरात गोंधळ म्हणजे अव्यवस्था. तरी लग्नानंतर गोंधळ 'घालतात'च आणि कुणी त्याला 'देवीचा जागरविधी' म्हणत नाही. खरा फरक क्रियापदात आहे. घरी कुळाचार म्हणून करतात तेव्हा गोंधळ घालतात. रंगमंचावर गोंधळ सादर करतात. एकच माणसं, तेच संबळ, तीच दिवटी, पण क्रियापद बदललं की काम बदललं.

घालायचा गोंधळ चौकापासून सुरू होतो. पाटावर किंवा चौरंगावर नवं कापड, त्यावर धान्याची रास, मधे कलश, पानं, सुपाऱ्या, नारळ, वर उसाचा मांडव. मग गण, मग ठिकठिकाणच्या देवतांना 'गोंधळाला ये' असं नाव घेऊन बोलावणं, मग आख्यान, पहाटेकडे आरती. रंगमंचावर आठ-दहा मिनिटं मिळतात. आवाहन राहतं, कारण त्याला चाल आहे. चौक जातो, कारण तो मांडायला वेळ लागतो आणि मागच्या रांगेतून दिसत नाही. पण बोलावलेल्या देवता बसायच्या त्या चौकात! चौक काढून टाकल्यावर आवाहन हे फक्त गाणं उरतं. दिग्दर्शकाला ते चालत असेल तर चालू दे, पण मग फलकावर 'रिच्युअल' लिहू नये.

पांगारा
+१. आणि वाद्यांचंही तेच. दिमडी काय, संबळ काय, कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. अंगणात शेक द्यायला विस्तव असतो. वातानुकूलित नाट्यगृहात विस्तव नाही, अर्ध्या तासात आवाज फदफदतो, मग ध्वनिवाला खर्ज वाढवतो आणि सगळ्याचं ढोल-ताशा पथक होतं.

खडूचा तुकडा
सगळं पटतंय, पण माझा फलक बोहाड्याचा आहे :) 'रिच्युअल'चं काय करू?

शुद्धमती
'कर्मकांड' लिहा. शास्त्रीय शब्द आहे.

तुणतुणं
शास्त्रात शास्त्रीय असेल. शंभर वर्षांच्या सुधारकी लिखाणानंतर 'कर्मकांड' म्हटलं की पुढचा शब्द 'थोतांड' आपोआप येतो. सोंगाला वास येतो म्हणून नाक मुरडायचं आणि कर्मकांड आत घ्यायचं, ही कुठली शुद्धता?

डोंगरवाट
खडू, तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द हवा असं कोणी सांगितलं? इंग्रजीला एकच नाम सगळीकडे फिरवायची सवय आहे. मराठीत काय चाललंय ते सांगा. सोंगाची पूजा होते तिथे 'पूजा' लिहा. घराण्याकडे ठरावीक सोंग असतं तिथे 'मान' लिहा. शेवटी देवी आणि म्हैसासुराची लढाई होते तिथे नुसतं 'लढाई' लिहा. तीन 'रिच्युअल' गेले, शब्दही वाचले.

अंगात येण्याचा उल्लेख असेल तर 'ताबा घेणे' लिहू नका, तो घराचा आणि जमिनीचा घेतात. 'वारं येणं' किंवा 'संचार'. वारं बोलीतलं, संचार पुस्तकी. फलकावर 'अंगात येणं' सगळ्यांना कळेल.

कुडाची भिंत
क्रियापदांची बाजू इथे बरोबर आहे. वारलीचं उदाहरण घ्या. चित्र 'काढलं' असं आपण म्हणतो. लग्नघराच्या भिंतीवरचा चौक मात्र लिहितात. सुवासिनी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मधे पालघाट देवी. रांगोळी काढतात, गोंधळाचा चौक मांडतात नाहीतर भरतात, लग्नचौक लिहितात. चारही क्रियापदं 'ड्रॉ'मध्ये कोंबली की अनुवाद संपला.

तिठा
'लिहिणं' हे मिथिलेवरून आलेलं वाटतं. तिकडे 'लिखिया' म्हणतात. चित्रकार भास्कर कुलकर्णी आधी मिथिलेतल्या मधुबनीत काम करून मग डहाणूकडे आले, त्यांनी शब्द सोबत आणला असणार.

कुडाची भिंत
शब्द काय पिशवीतून येतो? संस्कृतात चित्राला 'आलेख्य' म्हणतात, चित्रं काढणारी ती चित्रलेखा. 'लिख्' म्हणजे मुळात ओरखडणं, रेघ ओढणं. अक्षरं हा त्याचा एक उपयोग. चित्रं दाखवत कथा सांगायच्या पिंगुळीच्या चित्रकथीत चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात, ती कुणी मिथिलेहून आणली?

आणि चौक लिहिताना हात काय करतो ते बघा, म्हणजे शब्द का ते कळेल. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात, वर गेरू. तांदूळ भिजवून वाटलेलं पीठ पाण्यात कालवतात, धरून राहावं म्हणून डिंक. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला. पीठ दाट झालं तर वाळल्यावर तडकून कपचे उडतात. पातळ झालं तर माती पिऊन टाकते आणि रेघ मळकट दिसते. गंमत म्हणजे ओली असताना रेघ जेमतेम दिसते, वाळत जाते तशी पांढरी उमटते. त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती करता येत नाही, रेघ एका दमात पुढेच न्यावी लागते. लिहिण्याचाच स्वभाव हा.

आता हेच कागदावर किंवा कापडावर आणलं की पीठ टिकत नाही. गुंडाळी केली की सुटतं, शिवाय पिठाला किडे लागतात. म्हणून पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक आला. तो ओलाही पांढराच दिसतो. मग रेघेवर रेघ येते, आकृत्या दाटतात, मोकळी जागा भरत जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या कामात (पद्मश्री २०११) कागदावर येऊनही ती मोकळी जागा राहिली. भेटवस्तूंच्या दुकानातल्या पेल्यांवर ती राहत नाही. माझ्या मते कलाकारानं विधीतून काय घेतलं हे विषयावरून ओळखू नये, त्या मोकळ्या जागेवरून ओळखावं. तारपा हे फुंकवाद्य तर सगळेच काढतात.

शुद्धमती
मग पुरुषानं कागदावर काढलेल्याला 'चौक लिहिला' म्हणायचं का?

कुडाची भिंत
चौक नाही म्हणायचं. चित्र म्हणायचं. लग्न नाही तर चौक कसला?

पांगारा
लगद्याचा मुद्दा राहून गेला. खडू, इंग्रजीत 'कास्ट' असं क्रियापद असेल तर 'ओतलेले' करू नका. लगदा ओतत नाहीत, थापतात. मातीचा उंचवटा करून त्यावर राख भुरभुरायची किंवा नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा पहिला थर द्यायचा, नाहीतर साचा सुटत नाही. लगदा तीन-चार दिवस भिजवून कुटलेला, पिळून घेतलेला. त्यात चिंचोक्याची खळ, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. जाडी साधारण करंगळीच्या निम्मी. नाकाशी जास्त थापलं की बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं आणि नाकपुडीपासून गालाकडे चीर जाते. उन्हात ठेवलं तर कडा आत वळतात आणि चेहरा कानाशी आवळतो, सावलीतच वाळवायचं. पुरतं वाळायच्या आत तेलरंग दिला तर महिन्याभरात फुगे धरतात, मागून बुरशी येते. पूर्वीची सोंगं लाकडी असत. लगद्यानं वजन उतरलं, म्हणून चेहरा मोठा करता आला.

आणि नाचायचं सोंग पाठीमागून ओळखू येतं: आतल्या बाजूला कपाळाशी कापडाची घडी, बांधायच्या दोऱ्यांची भोकं, घामाचे डाग. तुमच्या सातांना मागे घडी आहे का?

खडूचा तुकडा
फोटोत एका चेहऱ्याची पाठ दिसते. गुळगुळीत. छताला टांगायचा हूक आहे.

पांगारा
मग ते सोंग नाही. कुणी ते घेणार नाही, नाचवणार नाही. तपासणाऱ्यांनी चुकीच्या कारणासाठी बरोबर शब्द दिला: मुखवटा.

तुणतुणं
वा! म्हणजे मी इतका वेळ सोंगाची बाजू लढवली ती कुणासाठी? तरीही माझं मत बदलत नाही. कलाकाराच्या कामात सोंगाची आठवण असेल तर शब्दातही असू दे. घोड्याच्या पुतळ्याला आपण घोडाच म्हणतो.

डोंगरवाट
घोड्याच्या पुतळ्याला कुणी हरभरा घालत नाही. सोंगाला नारळ फोडतात. फरक आहे.

खडूचा तुकडा
आणखी एक. शेवटच्या फलकात कापडाच्या 'टेक्श्चर'बद्दल आहे. मी 'काजळी धरलेला पोत' लिहिलं. हे तरी बरोबर ना?

तिठा
बरोबर. पोत म्हणजे वीण, स्पर्श. कापडाला तोच शब्द.

डोंगरवाट
थांबा! काजळी आणि पोत शेजारी आले की अर्धा महाराष्ट्र 'आईचा पोत' वाचणार. देवीचा भक्त असलेल्या भुत्याच्या हातातला, तेलात भिजवलेला पलिता. पोत पाजळतात, नाचवतात. कापडाच्या पट्ट्या घट्ट पीळ देऊन करतात. पीळ सैल राहिला तर तेल धरत नाही, जळतं थेंब खाली पडतं. दिवटी वेगळी, तिला बुधलीतून वरून तेल घालत राहतात. टेंभ्याच्या काजळीच्या कापडाशेजारी 'पोत' हा शब्द टाकणं म्हणजे आगीशी खेळ.

तुणतुणं
उलट झकास आहे. इंग्रजीत नसलेला अर्थ मराठीत फुकट मिळतोय, घ्या की.

शुद्धमती
अनुवादकानं मुळात नसलेलं घालू नये. 'वीण' लिहा.

कुडाची भिंत
वीण काजळी धरत नाही, धागा धरतो. 'काजळी धरलेलं कापड' पुरे. पोत हवाच कशाला?

खडूचा तुकडा
फलक परवा छपाईला जातोय. 'सोंग (मुखवटा)' असं कंसात टाकलं तर?

तिठा
कंसातला शब्द साठात धरतात का ते आधी विचारा.

पांगारा
कंसात टाकायचं तर उलटं टाका. 'मुखवटा (सोंग)'.

तुणतुणं
आक्षेप. जो शब्द तिथला आहे तो कंसाबाहेर.

डोंगरवाट
ते चालू दे तुमचं. आईचा तो पोत, कापडाचा तो पोत, मग मण्यांची तेवढी ती पोत कशी? हे कुणी सांगेल का?