सीटवरून जरा उडालं की मोअर बंद पडतो. सीटचा स्विच वायरनं जोडून टाकू का?

गवतात_हरवलेला

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी वापरलेला रायडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घेतला. ४२ इंची डेक (पात्यांवरचं लोखंडी झाकण), दोन पाती, हायड्रोस्टॅटिक (गिअर नाहीत, वेग पेडलवर), तासांचा मीटर ३१२ दाखवतो. इंजिन पहिल्या चावीला चालू होतं, धूर नाही. पण जमीन जरा खडबडीत आली आणि मी सीटवर उडालो की इंजिन खटकन बंद. कधी कधी एका फेरीत चार-चार वेळा. मग पाती बंद करा, ब्रेक दाबा, परत चावी फिरवा. वैताग आलाय.

गंमत म्हणजे धाकटा (वय ६) मांडीवर असला की एकदाही बंद पडत नाही! त्याला वाटतं तोच चालवतो म्हणून.

ओळखीच्या एकानं सांगितलं की सीटखालच्या स्विचचा प्लग काढ आणि वायरचा तुकडा घालून जोडून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. करू का?

अजून दोन गोष्टी विचारून घेतो. मागच्या बाजूला उतार आहे. तिथं आडवा चालवला की वरच्या अंगाचं चाक हलकं पडल्यासारखं वाटतं. हे असंच असतं का? आणि गवत कापून झालं की दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी दिसते, एका बाजूचं गवत उंच राहतं. पात्यांना धार लावून झाली आहे.

घाईत_असतो

जोडून टाक भाऊ. माझा तीन वर्षं तसाच आहे, काही झालेलं नाही. नुसती कटकट असते त्या स्विचची. उतरून एखादी फांदी बाजूला करायची म्हटली तरी इंजिन बंद.

जुनं_इंजिन

घाईत_असतो, फांदी बाजूला करायला उतरता तेव्हासाठीच तर तो स्विच आहे. पण तुम्हाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही, कारण मीही दोन उन्हाळे वायर जोडून चालवला. दुसऱ्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगतो.

सकाळची वेळ, गवतावर दव. उतारावर आडवा निघालो होतो, उजवी बाजू खाली. समोर एक खाली झुकलेली फांदी आली. हातानं वर धरू आणि खालून निघून जाऊ, असं डोक्यात आलं. मोअर निघून गेला, फांदी जागेवर राहिली आणि मी फांदीबरोबर. पाठीवर पडलो तो उताराच्या खालच्या अंगाला, म्हणजे नेमकं डेकमधून गवत बाहेर पडतं त्या बाजूला. पेडलवरचा पाय निघाला की हायड्रोस्टॅटिक मोअर थांबतो, हे खरं. पण मी क्रूझ (पेडल न दाबता वेग धरून ठेवणारी सोय) लावून ठेवला होता. तो माझ्यावाचून पंधरा-वीस पावलं चालत गेला, कुंपणाच्या खांबाला नाक लावलं आणि तिथंच मागची चाकं फिरवत उभा राहिला. पाती चालूच. मागून जाऊन चावी बंद केली. हात इतका कापत होता की चावी खिशात जाईना.

पँट ओली कशी झाली म्हणून खाली बघितलं तेव्हा कळलं, की डाव्या नडगीत खडा घुसलाय. सात टाके पडले. डॉक्टरांनी खडा काढून ट्रेमध्ये टाकला त्याचा टण्ण असा आवाज अजून कानात आहे. वाटाण्याएवढा होता हो. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे. हिशेब केला तर ताशी साधारण ३४७ किलोमीटर येतात. म्हणजे मर्यादेत राहूनही वाटाण्याएवढा खडा काय करू शकतो ते माझ्या नडगीला विचारा.

वायर नसती तर मी सीट सोडल्याबरोबर इंजिन बंद पडलं असतं आणि पातीही थांबली असती. तेवढंच त्याचं काम.

आता तुमच्या मोअरकडे येऊ. धाकट्यानं निदान करून दिलंय! त्याचं वजन पडलं की बंद पडत नाही, म्हणजे एकट्या तुमच्या वजनानं स्विच काठावर दाबला जातोय. सीट पुढे कलती करून खाली बघा. बहुतेक दोन स्प्रिंगा असतील. काही सीटना त्या पुढेमागे सरकवायची सोय असते, हलक्या माणसासाठी एक जागा, भारी माणसासाठी दुसरी. आधीचा मालक अंगानं तुमच्यापेक्षा भारी होता का? मग प्लग बघा. पिना हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. तरी शंका राहिली तर चावी काढून, प्लग सोडवून, स्विचच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा आणि हातानं दाबा. काही स्विच दाबल्यावर जोडतात, काही तोडतात, पण दर दाबाला बदल झाला पाहिजे. पाचातून एकदा जरी चुकला तर नवा टाका. छोटासा भाग असतो, दोन क्लिपांवर बसतो.

दुरुस्त झाल्यावर तपासायचं कसं? सपाट जागा, हँडब्रेक लावलेला, आसपास कोणी नाही. इंजिन चालू, पाती चालू. पाय फूटबोर्डवर ठेवूनच सीटवरून थोडे उचला. इंजिन लगेच मरायला हवं. नाही मेलं तर काम झालेलं नाही. तसंच पाती बंद करायचं बटण दाबून मनात आकडे मोजा. पाचाच्या आत पाती थांबत नसतील तर पात्यांचा ब्रेक गेलाय.

आणि धाकट्याला उतरवा. कायमचा. मांडीवरून पडेल हे तर आहेच, पण मला जास्त भीती दुसरीच वाटते. एकदा फिरवून आणलेलं पोर पुढच्या वेळी इंजिनाचा आवाज ऐकला की धावत येतं. त्याला काय माहीत, तुम्ही रिव्हर्समध्ये आहात आणि मान पुढे आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १६ वर्षांखालच्या मुलाला रायडिंग मोअर चालवायलाही देऊ नका म्हणतात. चालवणाऱ्यासोबत बसणं तर कोणत्याच वयाला नाही, त्यावर सीट एकाचीच आहे. गवत कापायचं तेवढा वेळ त्याला घरात, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवा.

उताराचं: चाक हलकं वाटतंय म्हणजे मोअर तुम्हाला सांगतोय. साध्या रायडिंग मोअरनं उतारावर वर-खाली जायचं, आडवं नाही, आणि १५ अंशांच्या पुढे अजिबात नाही. मोजायला सोपं आहे. १ मीटरची फळी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, स्पिरिट लेव्हल ठेवून फळी समतल धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत सरळ खाली मोजा. २७ सेंटीमीटर भरले तर १५ अंश झाले. (झिरो-टर्नवाल्यांनी, म्हणजे जागच्या जागी वळणारा मोअर असणाऱ्यांनी, हे वाचून वर-खाली जाऊ नये. त्यांची पुढची चाकं नुसती मोकळी फिरतात, मागची घसरली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात. त्यांनी आपल्या पुस्तिकेत बघावं.)

कानस_आणि_पाना

पायरीबद्दल मी सांगतो. डेकला हात लावायच्या आधी टायरची हवा बघा. दहातल्या सात जणांचं तिथंच निघतं (आकडा माझाच, अंदाजपंचे). मागच्या एका टायरमध्ये हवा कमी असली की अख्खा मोअर त्या बाजूला कलतो आणि डेकही. किती भरायची ते टायरवर किंवा पुस्तिकेत असतं. बऱ्याच मोअरना पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास लागते, गाडीसारखी ३० नाही. हवा भरणारा पोरगा सवयीनं ३० मारतो, तेव्हा स्वतःचा गेज ठेवा.

हवा सारखी करून फरशीवर उभा करा. इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढा, चावी काढा, जाड हातमोजे घाला. दोन्ही पाती आडवी करा आणि डाव्या पात्याचं बाहेरचं टोक ते फरशी, उजव्याचं बाहेरचं टोक ते फरशी, असं मोजा. ३ मिलिमीटरच्या आत फरक हवा. मग पाती उभी करून पुढचं आणि मागचं टोक मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असावं. डेक लटकतो त्या दांड्यांवरच्या नटांनी हे सगळं जुळतं.

हवा बरोबर, डेक बरोबर, तरी पायरी? मग पातंच वाकलंय. पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरं टोक मोजा. फरक आला तर ठोकून सरळ करत बसू नका, बदला.

तुम्ही धार लावली म्हणता, पण पाती उतरवून लावली ना? आणि परत बसवताना पंखासारखी वळलेली बाजू वर, डेककडे होती ना? माझ्या मेव्हण्यानं उलटं बसवलं होतं. अख्खा दिवस गवत नुसतं झोडपत बसला आणि मला म्हणतो, धार टिकत नाही. कानस मारून झाली की पातं मधल्या भोकातून खिळ्यावर आडवं टांगून बघायचं. जे टोक खाली जाईल तिथं अजून थोडं घासायचं. तोल नसला तर डेक थरथरतो आणि खालचं बेअरिंग खातो. वस्तऱ्यासारखी धारही नको, दगड लागला की लगेच दुमडते.

एकच ओरडून सांगतो: पाती काढायला मोअर नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालू नका. मागच्या चाकांना ठोकळे, जॅकशेजारी घोडे (वजन पेलणारे लोखंडी स्टँड). माझा जॅक एकदा हळूहळू बसला होता. चहा आणायला गेलो होतो म्हणून हात आहे.

घाईत_असतो

बरं बाबा. उद्या वायर काढतो. पण क्रूझ मी लावतच नाही हं.

गवतात_हरवलेला

चार दिवस लागले, पण झालं. क्रमानं सांगतो.

सीट उचलली तर स्प्रिंगा खरंच मागच्या खाचेत, म्हणजे भारी माणसाच्या जागेवर होत्या. माझं वजन ६१. पुढच्या खाचेत आणल्या. प्लगच्या एका पिनेवर हिरवा थर होता, तो साफ केला. काल तासभर खड्ड्याखड्ड्यांतून चालवला, एकदाही बंद पडला नाही. पाती चालू ठेवून उचललो तर पटकन मेला. पाती थांबायला तीन आकडे लागतात.

मागच्या डाव्या टायरमध्ये ५ पीएसआय होती, उजव्यात ११. दोन्ही १० केली आणि पायरी गेली. डेकला हातसुद्धा लावला नाही. पाती मात्र मी न उतरवताच, खाली आडवं पडून कानस मारली होती. आता उतरवणार आहे, घोडे मागून आणलेत.

उतार मोजला. बराचसा २० सेंटीमीटरच्या आसपास आहे, तो वर-खाली कापतोय. एका कोपऱ्यात ३१ भरले. तिथं मोअर बंद, दोरीचं यंत्र खांद्याला लावून पायीच कापेन.

धाकटा दोन दिवस बोलत नव्हता. आता मोअर बंद असताना, चावी माझ्या खिशात असताना, हवेचा गेज धरायचं काम त्याला दिलंय. आकडा तोच मोठ्यानं वाचतो.

जुनं_इंजिन

३१ म्हणजे १७ अंशांच्या वर, बरं केलंत. रिव्हर्स तपासलंत का? पाती चालू ठेवून मागे घेतला तर पाती किंवा इंजिन बंद पडायला हवं. आधीच्या मालकानं तिथंही काही जोडून ठेवलेलं असू शकतं.

गवतात_हरवलेला

आत्ता बघून आलो. तिथं खरंच वायरचा एक तुकडा आहे, निळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. काढतोय.