मेपल सिरपऐवजी काकवी घातली की केक मध्येच का बसतो?

प्रश्न – राजारामपुरीतील गृहिणी

माझी धाकटी बहीण कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात असते. तिच्या घरामागे मेपलची सात-आठ झाडे आहेत आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री पाणी गोठते पण दुपारी बर्फ वितळू लागतो अशा दिवसांत, घरातले सगळे मिळून झाडांचा रस उतरवतात व अंगणात आटवतात. तिने दिवाळीत आणलेल्या बाटलीतून मी दोनदा अक्रोडाचा केक केला आणि तो दोन्ही वेळा चांगला झाला. बाटली संपल्यावर तीच कृती मी घरच्या काकवीवर केली: २०० ग्रॅम कणीक, १५० मिलिलिटर काकवी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, ओव्हन १८० अंशांवर. पंचविसाव्या मिनिटाला वरचा भाग काळपट दिसू लागला म्हणून मी केक बाहेर काढला, तर मधला भाग हळूहळू खाली बसला आणि आत ओला गोळा निघाला. चूक काकवीची की माझी?

उत्तर १ – करवीर तालुक्यातील गुऱ्हाळवाले

ताई, आधी काकवी कोणती ते पाहावे लागेल. बाजारात काही वेळा गूळ पाण्यात विरघळवून, उकळून बाटलीत भरलेला पाकही काकवी म्हणून मिळतो. खरी काकवी म्हणजे काहिलीतला रस गूळ होण्याआधीच उतरवलेला. रस तापू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढायची आणि मग चिपाडांचा जाळ वाढवायचा. काकवी १०५-१०६ अंशांना उतरते, तर गुळाला ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. आमचे गुळवे थर्मामीटर वापरत नाहीत. थेंब गार पाण्यात टाकून बोटांत दाबतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मात्र त्यामुळेच प्रत्येक काहिलीचा दाटपणा थोडा वेगळा येतो. मेपलच्या बाटलीत तसे होत नाही, म्हणून काकवी कपाने न मोजता वजनावर घ्यावी.

उत्तर २ – घरगुती केकच्या ऑर्डरी घेणारी, मंगळवार पेठ

आपला केक बसला तो रंगामुळे, असे मला वाटते. मेपल सिरपमधली साखर बहुतांशी सुक्रोज असते. काकवीत ग्लुकोज व फ्रुक्टोज बरेच जास्त असतात आणि ते लवकर तांबूस होतात. वरून भाजलेला दिसणारा केक आतून तेव्हा कच्चाच असतो. ओव्हन १६० ते १६५ अंशांवर ठेवा, अर्ध्या वेळानंतर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर टाका आणि केक रंग पाहून न काढता मधोमध सुरी घालूनच काढा.

दुसरे म्हणजे काकवी किंचित आंबट असते. तिला पाव चमचा खाण्याचा सोडा द्या आणि बेकिंग पावडर एका चमच्यावर आणा. सोडा मात्र हात राखून घाला. जास्त झाला तर केकला साबणासारखी चव येते, हे मी एका वाढदिवसाच्या ऑर्डरीत अनुभवले आहे. काकवी फार दाट असेल तर १५० ग्रॅम काकवीत दोन मोठे चमचे कोमट दूध मिसळून घ्या, नाहीतर ती पिठात दोऱ्यासारखी राहते.

उत्तर ३ – मूळचा कागलचा, सध्या ऑन्टॅरिओ

वरचे दोन्ही सल्ले बरोबर आहेत. फक्त चवीबद्दल एक सांगतो. मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के असते, म्हणून एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस लागतो, तर आपल्याकडे उसाच्या चार-पाच लिटर रसात लिटरभर काकवी होते. पहिल्या वर्षी मी हौसेने स्वयंपाकघरात रस आटवला आणि वाफेने भिंती चिकट करून घेतल्या. पाण्याच्या उकळीपेक्षा चार अंश वर गेले की सिरप तयार होते. मळी काढणे, चुना टाकणे असे काही नाही, नुसते गाळायचे. त्यामुळे त्याची चव हलकी असते. काकवीला उसाचा, जाळाचा आणि क्षारांचा ठसका असतो, तो लपवण्यापेक्षा केकमध्ये सुंठ व जायफळ घालून सांभाळून घ्यावा.

एक गंमत मात्र इथे आल्यावरच लक्षात आली. मेपलला कळ्या फुटू लागल्या की रसाला नकोशी चव येते आणि हंगाम तिथेच थांबवतात. तुरा येऊन फार दिवस उभा राहिलेला ऊस आमचे वडील गुऱ्हाळाला नेत नसत, कारण तो पोकळ पडून त्याची साखर उतरते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल १६० अंशांवर, सोडा व सुंठ घालून पुन्हा केला. ५५ मिनिटे लागली, मधोमध सुरी स्वच्छ निघाली आणि केक बसला नाही. कडेला मात्र थोडा चिवट आहे. पुढच्या वेळी दूध आणखी एक चमचा वाढवून पाहते. काकवीची बाटली नीट पाहिली तर तळाशी साखरेचे खडे दिसले, ते गरम पाण्यात बाटली ठेवून विरघळवले. गुऱ्हाळवाले दादा, आपल्याकडची काकवी शेवटच्या काहिलीपर्यंत मिळेल का? मला दोन किलो हवी आहे.