मदत हवी आहे : भर उन्हात घाट चढताना ट्रकची ओढ जाते, तापमानाचा काटा मात्र जागेवर

नमस्कार. माझ्याकडे सहा सिलिंडरच्या, टर्बो-इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि कॉमन रेल (सर्व नोजलना उच्च दाबाचे डिझेल पुरवणारी सामाईक नळी) असलेल्या बीएस-4 इंजिनाचा मल्टिॲक्सल ट्रक आहे. न्हावा शेवा बंदरातून पोलादी कॉइल भरून तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जातो, त्यामुळे कसारा घाट त्याला नेहमी भरलेल्या स्थितीतच चढावा लागतो.

उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारच्या फेरीत गाडी पायथ्याशी नेहमीसारखी खेचते. अर्ध्या चढावर मात्र ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही इंजिन उचल घेत नाही, टर्बोची शिट्टी मंदावते आणि चालक काकांना आणखी दोन गिअर खाली यावे लागते. कडेला अर्धा-पाऊण तास उभी केली की तीच गाडी विनातक्रार वर जाते. रात्री तोच घाट आणि तेवढाच माल असूनही काही त्रास होत नाही. भर चढावर, मागे वाहनांची रांग असताना गाडी अशी बसणे धोक्याचे आहे, म्हणून मला हे लवकर सोडवायचे आहे.

कूलंटचे तापमान 95 अंशांच्या पुढे जात नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, त्यामुळे कूलंट तापल्याने ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) ताकद कमी केली असे मला वाटत नाही. एअर फिल्टर आणि दोन्ही डिझेल फिल्टर नवे आहेत. इंटरकूलरच्या होजमध्ये हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती पाहिली, ती नाही. इंटरकूलर पुढे ओढला तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये धूळ आणि तेलकटपणाचा नमद्यासारखा जाड थर निघाला. तो साफ केल्यावर त्रास थोडा उशिरा सुरू होतो, पण होतोच.

दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. ओढ जाते तेव्हा काळा धूर अजिबात येत नाही. आणि टाकीत डिझेल पाव भागावर आले असेल तर त्रास लवकर सुरू होतो. रेलमधून आणि नोजलमधून परतणारे गरम डिझेल टाकीतच येते, त्यामुळे साठा कमी असला की तो लवकर तापतो, आणि तापलेले डिझेल पातळ झाल्याने पंपात व नोजलमध्ये आतल्या आत अधिक गळते, एवढे मला समजते. गॅरेजमध्ये हाय प्रेशर पंप बदलायला सांगितले आहे. परंतु सगळ्या तपासण्या सकाळी थंड इंजिनावर झाल्या आणि त्यांत सर्व काही ठीक आले. एवढा मोठा खर्च करण्यापूर्वी दोष हवेचा आहे, डिझेलचा आहे की सेन्सरचा, हे घाटातच ठरवता येईल अशी चाचणी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

नमस्कार. पंपाला अजून हात लावू देऊ नका. स्कॅनर जोडून शेजारी एक माणूस बसवा आणि भर लोडवर चार आकडे एकत्र नोंदवा : ईसीयूने मागितलेले रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचे) तापमान. मागितलेले प्रेशर वर आणि प्रत्यक्ष खाली असेल तर डिझेल कमी पडते आहे. दोन्ही बरोबरीने खाली आले तर ईसीयू स्वतःच इंधन कमी करतो आहे. मग तो कोणत्या सेन्सरवरून तसे करतो ते शोधावे. धूर नाही एवढ्यावरून मात्र हवा पुरेशी आहे असे धरू नका, कारण बूस्ट पडला की अशा इंजिनात ईसीयू धूर होण्याआधीच डिझेल कमी करतो.

मॅनिफोल्डमधली हवा 60 ऐवजी 90 अंशांची झाली तर त्याच बूस्टला सुमारे 8 टक्के हवा कमी मिळते. तसे आढळले तर व्हिस्कस फॅन (सिलिकॉन तेलाच्या क्लचवर फिरणारा रेडिएटरचा पंखा) पाहा. त्यातले सिलिकॉन तेल गळाले असेल, तर गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने सैल, सहज फिरतो.

तुमचे पाव टाकीचे निरीक्षण मला सर्वांत बोलके वाटते. ओढ जाताच गाडी सुरक्षित जागी घ्या आणि टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी थंड न करताच ओढ परतली, तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे. तसे नसेल तर टाकी ते फीड पंप या मार्गावर व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळीचा तुकडा बसवून पुन्हा घाट चढा. व्हॅक्यूम वाढत गेला तर टाकीतली जाळी तपासा आणि सक्शन होज बदला. आतला रबरी थर सुटला असेल तर तो गरम झाल्यावर मऊ पडून ओढीने मिटतो आणि बाहेरून होज धडधाकट दिसतो. बुडबुडे दिसले तर एखाद्या जोडातून हवा शिरते आहे.

हे सर्व निर्दोष निघाले, तरच नोजलच्या परतीचे डिझेल प्रत्येक सिलिंडरचे वेगळे मोजून घ्या, आणि ते घाट चढून आलेल्या गरम इंजिनावरच. आकडे इथे लिहा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.