हूडियाच्या कॅप्सूल खऱ्या आहेत का, हे तपासायचं कुठे?

मोठ्या बहिणीला जोहान्सबर्गहून एका परिचितांनी वजन कमी करायच्या हूडिया गॉर्डोनीच्या कॅप्सूल आणून दिल्यात. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले 'सान' आदिवासी लांबच्या शिकारीला निघाले की याच निवडुंगासारख्या झाडाचं खोड काटे तासून कच्चं खातात, म्हणजे भूक लागत नाही. आपल्या माकडशिंगीच्याच कुळातलं झाड.

ताई ४८ वर्षांची, बीपीची गोळी रोज चालू, शुगर नाही. कॅप्सूल अजून सुरू केलेली नाही, मीच थांबवून ठेवलंय.

लेबलवर फक्त '४०० मिग्रॅ पावडर' लिहिलंय. झाडाचा कुठला भाग, बॅच नंबर, काहीच नाही. हूडिया CITES (साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, असल्याने विक्रेत्याला ईमेल करून परवान्याचा क्रमांक मागितला, उत्तर नाही. केमिस्टने नावच ऐकलेलं नव्हतं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, आत काय आहे ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मला ते पटलं. शिवाय युनिलिव्हरने २००८ मध्ये हूडियाचा प्रकल्प सोडला आणि त्यांच्या चाचणीत बायकांचं वजन तर घटलं नाहीच, उलट बीपी आणि नाडी वाढली, हे वाचल्यापासून काळजी जास्तच वाटतेय.

'घेऊ नका' हा सल्ला मला मान्यच आहे, पण ताईला पुरावा हवाय. पुणे-मुंबईत खाजगी व्यक्तीकडून अशा पावडरीचा नमुना घेऊन वनस्पतीची ओळख आणि भेसळ तपासून देणारी लॅब कोणती? आणि बीपीची गोळी चालू असताना कुणी हूडिया घेतलंय का, काय झालं?