मदत हवी आहे: ड्रिलमध्ये जमतं, पूर्ण पोहताना सुटतं

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवते. गट नवशिका नाही. पाण्याची भीती गेलेली आहे, तरंगता येतं, २५ मीटरची एक लांबी सगळी पार करतात. अडचण त्याच्या पुढची आहे. फ्रीस्टाइलमध्ये पलीकडच्या भिंतीला हात लागेपर्यंत मुलांना धाप लागलेली असते. ५० मीटर पोहायला सांगितलं तर परतताना मान वर येते आणि कंबर, पाय खाली जातात.

किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून पाय मारणं, कॅच-अप (एक हात पुढे येईपर्यंत दुसरा पुढेच ताणून ठेवणं), मूठ मिटून पोहणं, कुशीवर किक, अशी ड्रिल, म्हणजे एकेका भागाचा सुटा सराव, घेते आणि मुलं ते मन लावून करतात. पण "आता पूर्ण पोहा" म्हटलं की चार-सहा हातांत जुनी सवय परत येते. नुसतं अंतर वाढवलं तर तीच सवय आणखी पक्की होईल असं वाटतं. ड्रिलमधलं पूर्ण पोहण्यात उतरावं यासाठी तुम्ही काय करता?

आणखी एक. दम वाढावा म्हणून पाण्याखाली श्वास रोखण्याच्या शर्यती घ्या, असं काही पालक सुचवतात. मला ते पटत नाही, पण कारण नीट सांगता यायला हवं.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो जिवाचा आहे. शर्यती अजिबात घेऊ नका. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले की तो कमी होतो, त्यामुळे श्वास घ्यावासा वाटायच्या आतच ऑक्सिजन संपून मूल पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतं. चांगलं पोहणाऱ्यांचेही असे जीव गेले आहेत. काठावरून बघणाऱ्याला मूल शांतपणे खेळतंय असंच वाटतं.

आता धाप. या वयात ती बहुतेक वेळा ताकद कमी पडते म्हणून लागत नाही. मुलं तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवतात आणि तोंड वर आलं की त्या क्षणभरात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहतात. भिंत धरून डुबक्या घ्या: पाण्याखाली सावकाश बुडबुडे सोडायचे, वर आल्यावर फक्त घ्यायचा. कंटाळवाणं आहे, तरी रोज तासाच्या सुरुवातीला घ्या. मग तेच पाय मारताना, मग हातांसह.

मान वर येण्याचं मूळही श्वासातच आहे. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय तुलनेने जड. डोकं वर उचललं की कंबर खाली जाणारच. "मान खाली ठेव" असं सांगण्यापेक्षा "तळाची रेघ बघ" आणि श्वास घेताना "एक गॉगल पाण्यात राहू दे" असं सांगून बघा. स्वतःच्या अवयवापेक्षा बाहेरच्या गोष्टीकडे लक्ष असलं की हालचाल सहसा चांगली जमते, असं कौशल्य शिकण्यावरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. किकबोर्डही जरा कमी करा. तो धरून तोंड वर ठेवायची सवय लागते, म्हणजे आपल्याला जी मोडायची आहे तीच. हात पुढे ताणून, तोंड पाण्यात ठेवून पाय मारू द्या.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. ड्रिलबद्दल माझी भर: ड्रिल वेगळं आणि पोहणं वेगळं ठेवू नका. एकाच लांबीत अर्ध्यापर्यंत कॅच-अप आणि तिथून न थांबता पूर्ण फ्रीस्टाइल. आणि त्या लांबीत लक्ष एकाच गोष्टीवर.

५० मीटर सध्या बाजूला ठेवा. जिथे स्ट्रोक मोडतो त्याच्या थोडं आधी थांबवा, मग ते १५ मीटर का असेना. श्वास पूर्ववत झाला की पुन्हा. हळूहळू मोडण्याची जागा पुढे सरकते.

प्रगती मोजायला एका लांबीतले हात आणि वेळ दोन्ही टिपा. हात कमी झाले पण वेळ बराच वाढला, तर मूल हात न मारता पाण्यावर नुसतं घसरत राहतंय. काठावरच्या जोडीदाराला मोजू द्या, मोजता मोजता तोही बघायला शिकतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उद्यापासून डुबक्या आणि अर्धी-अर्धी लांबी सुरू करते. शर्यतींबद्दलचं कारण पालकांना लेखी देणार आहे. एक शंका राहिली: काही मुलं फक्त उजवीकडे श्वास घेतात, डावीकडे वळवलं की पाणी गिळतात. आत्ताच बदलायला लावू का?

प्रतिसाद

श्वास सोडणं स्थिर होईपर्यंत सोयीची बाजू राहू द्या. मग आधी उजव्या कुशीवर नुसती किक, म्हणजे श्वासाला तोंड डावीकडे वळतं. ते जमलं की जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे श्वास. असं केलं की दोन्ही वेळा तोंड तलावाच्या एकाच कडेला येतं. तुम्ही त्याच कडेला उभ्या राहा, प्रत्येक श्वास समोरून दिसेल.