रेकॉर्डिंग दिले की वर्ग ओस पडतो. बंद करावे का?

प्रश्न (संख्याशास्त्राचा अध्यापक):
मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवतो. २०२० मध्ये विद्यापीठे बंद झाली तेव्हा प्रत्येक तासाचे रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना देण्याची सवय लागली आणि वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही ती मी मोडली नाही. विभागाच्या कागदपत्रांत आता यालाच ‘मिश्र अध्ययन’ (वर्गातले आणि ऑनलाइन शिकणे यांची सांगड) म्हणतात. मात्र सत्राच्या चौथ्या आठवड्यापासून निम्मे बाक रिकामे असतात. जे येत नाहीत ते घरी रेकॉर्डिंग पाहत असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. नोंदी तपासल्या तेव्हा कळले, की त्यांतले बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुप्पट वेगाने सगळे उरकतात. रेकॉर्डिंग बंदच करा, असे सहकारी सांगतात. मला ती शिक्षा वाटते, पण आहे तसे चालू ठेवणेही पटत नाही. कोणी यातून मार्ग काढला आहे का?

उत्तर १ (अभ्यासक्रम-रचनेचे काम करणारी):
आपण जे देत आहात ते मिश्र अध्ययन आहे, हेच मला मान्य नाही. महासाथीतल्या घाईच्या शिकवण्याला चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मधल्या लेखातच ‘आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन’ असे वेगळे नाव दिले होते, कारण मुळापासून ऑनलाइन म्हणून आखलेला अभ्यासक्रम आणि वर्गातला तास जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे नेणे यांची पुढे गल्लत होणार, हे त्यांना तेव्हाच दिसत होते. आपली आणीबाणी संपली, पण तिची पद्धत मागे उरली. वर्गात जे मिळते तेच घरी मिळत असेल, तर विद्यार्थ्याने यावे कशासाठी?

माझा सल्ला असा, की पूर्ण तासाचे रेकॉर्डिंग मुख्य साहित्य म्हणून देऊ नये. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. व्याख्या, सूत्राची सिद्धता, एखादे सोडवलेले उदाहरण असे तुकडे आधी द्यावेत, त्यांवर तासाच्या आदल्या रात्रीपर्यंत चार-पाच प्रश्न सोडवून घ्यावेत आणि वर्गाचा वेळ, ज्या प्रश्नांवर बहुतेक जण चुकले, त्यांसाठीच राखावा. चुकीचे उत्तर शेजाऱ्याला पटवून देताना विद्यार्थी स्वतःच अडखळतो. ते अडखळणे रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही.

एक सूचना मात्र आधीच देते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते. त्यामुळे पहिल्या सत्रात ‘सर शिकवतच नाहीत’ हा अभिप्राय येईल. तो मनाला लावून घेऊ नये.

उत्तर २ (नोकरी करून शिकणारा विद्यार्थी):
रेकॉर्डिंग नसते, तर रात्रपाळी करून मला पदवी घेताच आली नसती. म्हणून ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आमचाही विचार करावा. तरीही कबूल करतो, की ज्या विषयात ‘सत्रभरात केव्हाही पाहा’ अशी मुभा होती, त्यातच मी मागे पडलो. दर रविवारी काहीतरी जमा करायचे असे, ते विषय निभावले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९७१ पासून घरबसल्या शिकवते, पण तिथेही स्वाध्याय ठरलेल्या तारखेलाच द्यावे लागतात आणि ते तपासणारा शिक्षक ठरलेला असतो. दिवस आणि तास आम्हाला निवडू द्या. आठवडा मात्र आपणच ठरवा.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक):
एकाच वेळी समोरचा वर्ग आणि पडद्यावरचा वर्ग सांभाळण्याच्या फंदात मदतनीस असल्याशिवाय पडू नये. दोघांपैकी एक गट उपाशी राहतो आणि तो बहुधा पडद्यावरचा असतो. शिवाय या साऱ्याला वेळ लागतो, हे प्रशासनाला लेखी कळवावे. मिश्र पद्धतीने निष्पत्ती सुधारते, असे म्हणताना अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या आढाव्याचा दाखला नेहमी दिला जातो. त्या वर्गांना बहुधा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, हे त्याच आढाव्यात नमूद आहे, पण तेवढे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. संपूर्ण विषय एकदम बदलणे झेपणार नाही, म्हणून येत्या सत्रात संभाव्यता वितरणांचा एकच घटक या पद्धतीने घेईन आणि पूर्ण रेकॉर्डिंग केवळ मागणाऱ्यांना त्या-त्या आठवड्यापुरते खुले ठेवीन. आदल्या रात्रीच्या प्रश्नांना गुण किती ठेवावेत?

उत्तर १ (अभ्यासक्रम-रचनेचे काम करणारी):
एकूण गुणांच्या पाच ते दहा टक्के पुरे, आणि तेही उत्तर बरोबर असण्यासाठी नव्हे, प्रामाणिक प्रयत्नासाठी द्यावेत. मी एकदा वीस टक्के ठेवले होते; तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांची उत्तरे सारखी आली, चुकासुद्धा.